पूजेच्या दिवशी गेलेला हात

"हात ठेवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मला नीट कळलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा समजावलं. क्रश इंज्युरी आहे, म्हणजे हात कापला गेलेला नाही, चिरडला गेलाय. कापलेलं बोट वेळेत आणलं तर कधी कधी जोडता येतं. इथे हाडं, नसा, रक्तवाहिन्या सगळ्याचा चेंदा झालाय, जोडायला काही उरलेलंच नाही. मनगटापासून काढावा लागेल, त्याला अँप्युटेशन म्हणतात. नाही काढला तर जखम सडेल आणि जिवावर बेतेल.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात भिंतीला टेकून मी हे ऐकत होते. खंडेनवमीची दुपार होती. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? घरून निघताना पुरणाखालचा गॅस बंद केला की नाही. समोरचा माणूस एवढी मोठी गोष्ट सांगत असतो तेव्हा मन कुठल्या तरी किरकोळ गोष्टीत दडून बसतं. तुमच्यावर अशी वेळ आली आणि तुम्हालाही गॅसच आठवला, तर स्वतःला दूषणं देऊ नका. मी बरेच दिवस दिली, उपयोग काही झाला नाही.

हात माझ्या मिस्टरांचा, विलासचा. उजवा. हे शुद्धीवर होते. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? हे म्हणाले, "मशीनला हार घालत होतो. कुणाचा तरी चुकून बटणाला हात लागला."

डॉक्टर वयाने लहान होते, पण नजर पक्की होती. त्यांनी एकदा त्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "हार काय मशीनच्या आत घालतात?"

यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुखतंय. मग हवालदार आला, कारण असे अपघात पोलिसांत नोंदवावे लागतात. त्यालाही यांनी तेच सांगितलं. हार घालताना. त्याने लिहून घेतलं आणि गेला. सही मी केली. नंतर ऑपरेशनच्या कागदावरही मीच केली.

आता यांचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मिठाईचे खोके बनवायचा एक गाळा आहे. तिथे हे पंचिंग मशीनवर होते. ही मशीन म्हणजे एक मोठा लोखंडी जबडा समजा. उघडला की आत पुठ्ठा सरकवायचा, मिटला की पुठ्ठ्याला खोक्याचा आकार आणि घड्या पडतात, उघडला की काढून घ्यायचा. जबडा माणसासाठी थांबत नाही. माणसानेच त्याच्या तालात हात घालायचा आणि काढायचा. यांचा ताल आमच्या लग्नाआधीपासूनचा. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा दारातूनच बघितलं आणि पुन्हा कधी बघायला गेले नाही.

खंडेनवमीला गाळ्यात मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळे मिळून तेलपाणी करून मशीन घासतात, सकाळी नवे कपडे घालून येतात, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. पूजेचा मान यांचा. आणि एक नेमही यांचाच: पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. ती वर्षभर राबते, तिला तेवढा तरी आराम. एका वर्षी एका नव्या पोराने गंमत म्हणून बटण दाबलं, तर हे दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते. घरातही तोच कायदा. मी साड्यांना फॉल-बीडिंग करून देते. दसऱ्याला नेसायची साडी घेऊन बाई लालबागच्या आमच्या चाळीत तीन जिने चढून दारात उभी, आणि माझी शिलाई मशीन कुंकू लावून झाकलेली. किती गिऱ्हाइकं घालवली असतील या माणसाने. मी चिडायचे, पण आतून आवडायचंही. आपला माणूस देवाधर्माचं फार अवडंबर न करणारा, पण ज्याच्यावर पोट चालतं त्याला मान देणारा, असं वाटायचं.

म्हणून मला ती हाराची गोष्ट खरीच वाटली. यांच्या हातून मशीनजवळ दुसरं काय होणार त्या दिवशी?

ऑपरेशननंतर जखम भरायला वेळ लागला. एकदा पू झाला, पुन्हा थोडं कापावं लागलं. ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात. व्हरांड्यात बाकावर बसून मी दारामागचा आवाज ऐकायचे. हे ओरडायचे नाहीत. शेजारच्या कॉटवरचा माणूस आईला हाका मारायचा, हे नुसते दात आवळून पडायचे. नर्स म्हणाली, मावशी, यांना सांगा, ओरडलं तरी चालतं. मी सांगितलं. यांनी ऐकलं नाही.

एका संध्याकाळी हे म्हणाले, अंगठ्याला खाज येतेय. कुठल्या, मी विचारलं. उजव्या. मला वाटलं, औषधाने भ्रम झाला. डॉक्टरांनी सांगितलं, याला फँटम पेन म्हणतात. अवयव गेला तरी मेंदूला ते कळलेलं नसतं, तो त्या जागेवरून दुखण्याचे, खाजेचे निरोप घेतच राहतो. वेड नाही, सगळ्यांना होतं, काहींना वर्षानुवर्षं. हे ऐकून मी परत आले. चादरीवर जिथे अंगठा असायला हवा होता तिथे बोटाने हळूहळू खाजवलं. "बरं वाटलं," हे म्हणाले. मला हसू आलं, मग बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबावा लागला.

दुखण्याचं एवढं बस. पुढचं मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

गाळ्यातली सगळी माणसं कामगार विम्यात होती. पगारातून दर महिन्याला थोडं कापलं जायचं, शेठ त्यात आपला वाटा घालायचा. मला त्या विम्याचं कार्ड तापखोकल्याच्या गोळ्यांपुरतं माहीत. यांना विम्याच्या हॉस्पिटलात हलवल्यावर तिथल्या एका सिस्टरने विचारलं, पगार चालू झाला का? मी म्हटलं, काम नाही तर पगार कसला? ती म्हणाली, अहो, हक्क आहे तुमचा, कचेरीत जा.

कामावर असताना अपघात झाला तर दोन गोष्टी मिळतात. जखम भरेपर्यंत टेम्पररी डिसेबलमेंट बेनिफिट, म्हणजे काम करता येत नाही तोवर पगाराचा बराचसा भाग. त्यासाठी विम्याच्या डॉक्टरांचा दाखला वेळच्या वेळी कचेरीत पोचवायचा. आणि जखम भरूनही अवयव गेलेला असेल तर पर्मनंट डिसेबलमेंट बेनिफिट, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम, माणूस जिवंत असेपर्यंत. पुढे त्याला दुसरं काही काम मिळालं तरीही. हे माणसाला माहीत नसतं. आमच्या चाळीत एकाने काम लपवून ठेवलं होतं, पेन्शन जाईल म्हणून. जात नाही.

पण या सगळ्याला एक अट. अपघात एम्प्लॉयमेंट इंज्युरी ठरला पाहिजे, म्हणजे कामामुळे आणि कामात झालेली इजा. तो तसा ठरला नाही तर मिळतो तो फक्त आजारपणाचा भत्ता. तो कमी असतो, आणि त्याला मुदत असते. मुदत संपली की तुम्ही आणि तुमचं नशीब.

कचेरीतल्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी माझ्यासमोर सगळे कागद वाचले. पोलिसांचा जबाब, हॉस्पिटलचा केसपेपर, शेठने पाठवलेला अपघाताचा रिपोर्ट. तिन्हीत हार. शेठने तर पुढे लिहिलं होतं की त्या दिवशी गाळ्याला सुट्टी होती, कामगार आपल्या इच्छेने पूजेला जमले होते. मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "ताई, मला वाईट वाटतं. पण हार घालणं हे काम नाही हो. दुसरं काही झालं असेल तर साक्षीदार घेऊन या, मी चौकशी लावते."

म्हणजे या माणसाचा हात गेला, आणि तो कशात गेला याच्यावर आमचं उरलेलं आयुष्य ठरणार होतं. सायली, आमची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या फॉल-बीडिंगवर घर चालत नाही, चहापावडर चालते.

घरी येऊन मी यांना विचारलं. सरळच विचारलं, डॉक्टर म्हणाले ते खरं का? हार आत घालतात का? हे भिंतीकडे वळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. हे म्हणाले, "सांगितलं ना एकदा." माझं डोकं फिरलं. मी नको ते बोलले, ते इथे लिहीत नाही. हे ऐकून घेत होते. भांडणारा नवरा परवडला, हा ऐकून घेणारा नको.

त्या दिवसांत हे डाव्या हाताने जगायला शिकत होते. विम्याच्या हॉस्पिटलात त्याची एक खोली आहे. बटणं लावायची, पेला उचलायचा, नाव लिहायचं. नाव लिहिताना 'ल' उलटा पडायचा. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, छान, छान. हे मान खाली घालून पुन्हा लिहायचे. घरी मात्र मी पायजम्याची नाडी बांधायला गेले की हात झटकायचे. एकदा आत इतका वेळ लागला म्हणून बघितलं, तर नाडीचं एक टोक दातात धरून बसले होते. मी मागच्या मागे फिरले. सायलीने दुसऱ्या दिवशी इलॅस्टिकचे पायजमे आणून ठेवले.

मग एका रविवारी अँथनी आला.

अँथनी यांच्यासोबत गाळ्यात. माझगावचा. दर नाताळला त्याच्या घरून आम्हाला फराळ यायचा, गणपतीत आमच्याकडून मोदक जायचे. अपघातानंतर मात्र हॉस्पिटलात एकदा येऊन गेला तो गेलाच. मी मनातल्या मनात त्याला बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. चर्चमधून थेट आला होता, इस्त्रीचा शर्ट, आणि दारातच उभा. मी पाणी दिलं, त्याने घेतलं नाही.

"वैनी," तो म्हणाला, "तो हात माझा जायचा होता."

हे आतून ओरडले, "अँथनी, गप्प बस!" इतक्या दिवसांत यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

पण तो गप्प बसला नाही. त्याने सगळं सांगितलं. पूजा झाली, पेढे वाटले, बाकीचे घरी गेले. एवढ्यात शेठला फोन आला. दिवाळीची मोठी ऑर्डर, एक गठ्ठा कमी पडला होता, टेम्पो खाली उभा. शेठला यांचा नेम माहीत. म्हणून तो यांना काही बोललाच नाही. अँथनीला म्हणाला, तू काढ तेवढा गठ्ठा, तुला काय त्या पूजेचं? अँथनी पेस्टिंगवाला, म्हणजे खोके चिकटवणारा. पंचिंगवर त्याचा हात बसलेला नाही. तरी शेठला नाही कसं म्हणणार, म्हणून तो मशीनकडे गेला. तेव्हा चप्पल घालून निघालेले हे परत फिरले. अँथनीला बाजूला केलं. म्हणाले, मशीन माझी आहे, तिचा नेम मोडायचा तर मीच मोडतो.

नव्या झब्ब्याची बाही सैल होती. रोज हे अर्ध्या बाहीच्या शर्टात काम करायचे. मशीनवरचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली दांडी, ती तर केव्हाच काढून ठेवलेली, काम पटापट व्हावं म्हणून. गठ्ठा संपत आला होता.

"शेठ बोलला, हारच सांगायचं सगळ्यांनी," अँथनी म्हणाला. "पण शेठच्या आधी हाच बोलला होता वैनी. टॅक्सीत. रक्त गळतंय आणि मला सांगतोय, अँथनी, कुणाला सांगू नको मी मशीन चालवली."

मी यांच्याकडे वळले. का, एवढंच विचारलं.

हे पलंगाच्या कडेला उठून बसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं पोरांवर ओरडलो, त्या दिवशी तिला हात लावू नका म्हणून. आणि मीच लावला. तिने घेतला हात. देवाने शिक्षा दिली मला. आता त्या शिक्षेची सरकारकडे पेन्शन मागू?"

हे वाचताना तुम्हाला कदाचित हसू येईल. शिकलेल्या माणसाला येईलच. पण आमच्याकडची माणसं अशीच आहेत. यांना हात गेल्यापेक्षा नेम मोडल्याची लाज जास्त होती. सगळ्या गाळ्यासमोर, त्या नव्या पोरासमोर, ज्याच्याशी दिवाळीपर्यंत अबोला धरला होता, त्याच्यासमोर हे कसं कबूल करणार? त्यापेक्षा देवाची सेवा करताना हात गेला असं लोकांनी म्हटलेलं बरं. हार घालताना गेलेला हात निदान मानाचा.

मी शांतपणे बोलायला हवं होतं. माझा तो स्वभाव नाही. मी म्हटलं, "देवाला काय दुसरी कामं नाहीत? दिवाळीचे खोके कोण काढतंय ते बघत बसलाय? आणि शिक्षा तुम्हाला दिली असेल तर सायलीला कसली दिली त्याने?" हे उठले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. अँथनी खाली मान घालून निघून गेला. नंतर कितीतरी दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं.

तरी मी कचेरीत गेले आणि मॅडमना सांगितलं, साक्षीदार आहे. त्यांनी चौकशीची तारीख दिली आणि शेठलाही बोलावलं. यांना मी फक्त तारीख सांगितली. येणार नाहीत असं धरूनच चालले होते. पण त्या दिवशी सकाळी हे दाढी करून तयार. डाव्या हाताने केलेली दाढी, गालावर कापलेलं. म्हणाले, बोलावलंय तर गेलं पाहिजे. बोलणार काय ते मात्र सांगितलं नाही.

मॅडमच्या टेबलासमोर आम्ही चौघं. शेठ मोबाइलमध्ये बघत होता. मॅडमनी आधी यांना विचारलं, कसं झालं? हे म्हणाले, हार. मग अँथनीला विचारलं.

अँथनी उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, शेठने मला मशीन चालवायला सांगितली. मी चालवत होतो. विलास मला पुठ्ठा सरळ करून देत होता. माझ्या चुकीने त्याचा हात गेला."

मला काही कळेना. हे तर त्याने घरी सांगितलं तसं नव्हतंच. शेठनेसुद्धा मोबाइल खाली ठेवला. आणि हे, माझे मिस्टर, खुर्चीवरून उठले. उजवा हात टेबलावर टेकायला गेले, तो टेकला नाही, तोल गेला, मी धरलं.

"खोटं आहे मॅडम," हे म्हणाले. "याने मशीनला हात पण लावला नाही. मशीन मी चालवली. पूजा झाल्यावर मी चालवली."

मॅडमनी विचारलं, कुणी सांगितलं म्हणून? यांनी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाला, "ऑर्डर होती मॅडम. दिवाळीची." एवढंच. पण नाही म्हणाला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा धरते.

मॅडमनी आधीचे तीन कागद आणि हा नवा जबाब समोरासमोर ठेवला. आधी खोटं का सांगितलं, असं त्यांनी विचारलं. यांनी जे मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, नेम, शिक्षा, सगळं. मी जमिनीकडे बघत होते. मॅडम हसतील असं वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शिक्षेचं मला माहीत नाही. मालकाच्या कामासाठी मशीन चालवली, तर दिवस पूजेचा असो की सुट्टीचा, ते कामच. आणि हात आत सापडलाय हे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय. हार घालताना तो आत जात नाही." म्हणजे त्यांनाही तेच खटकलं होतं. फक्त कुणीतरी बोलायला हवं होतं.

जिना उतरताना मी अँथनीला विचारलं, असं का बोललास? तो म्हणाला, "मग त्याला दुसरं कसं बोलवणार होतो वैनी? तो स्वतःसाठी कधी बोललाय?" नंतर दोन-तीन महिन्यांनी अँथनीने तो गाळा सोडला. काढलं की सोडलं हे तो सांगत नाही. आता भायखळ्याला एका छापखान्यात आहे. त्याच्या घरी मी जाऊन आले. आभार मानायचे होते, ते जमलं नाही, त्याच्या आईजवळ बसून नुसता चहा प्यायले.

अपघात मंजूर झाला. मागचा भत्ता मिळाला. जखम पूर्ण भरल्यावर मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची समिती. ती ठरवते की लॉस ऑफ अर्निंग कपॅसिटी किती, म्हणजे माणसाची कमावण्याची ताकद किती टक्के गेली. त्यावर महिन्याची रक्कम ठरते. बोर्डासमोर जाताना आपली माणसं एक चूक करतात. आयुष्यभर धडधाकट दिसायची सवय, म्हणून तिथेही सगळं जमतं असं दाखवतात. हे पण पेला उचलून दाखवायला निघाले होते. मी कोपराने ढोसलं. जे जमत नाही तेच विचारतील, तेच सांगा, त्यात कमीपणा नाही.

यांचे साठ टक्के ठरले. पूर्ण पंजा गेला तर तसाच आकडा असतो म्हणे. उरलेले चाळीस टक्के कुठे असतात ते मी बोर्डाला विचारणार होते. यांनी मला कोपराने ढोसलं.

आणखी काही गोष्टी सांगते. दिव्यांग कार्ड हे वेगळं, त्याची तपासणी वेगळ्या हॉस्पिटलात. विम्याच्या बोर्डाचा कागद तिथे चालत नाही, तिथला इथे चालत नाही. आम्ही दोन्हीकडे उगाच खेपा घातल्या. विम्याच्या पैशासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात, आणि मग लोक म्हणतात सरकारने बंद केले. घर बदललं, बँक बदलली तर कळवायचं. नोकरी सुटली तरी नाममात्र रक्कम भरून नवरा-बायकोचं औषधपाणी विम्यातून चालू ठेवता येतं, ते आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. आणि ही रक्कम यांच्यापुरतीच आहे. हे गेले की ती थांबेल. दुखापतीनेच मृत्यू आला तर घरच्यांना वेगळं मिळतं, एरवी नाही. म्हणून सायलीचं शिक्षण पुरं होणं ही आमची खरी पेन्शन, असं मी तिला सारखी ऐकवते आणि ती कंटाळते.

पहिली रक्कम खात्यात आल्याचा मेसेज मोबाइलवर आला तेव्हा मी फॉल लावत होते. सुई तशीच टोचून ठेवली. इतक्या महिन्यांनी एक गोष्ट आमच्या बाजूने झाली होती. मी सायलीला हाक मारली, म्हटलं, जा, खालून पेढे घेऊन ये, मजल्यावर सगळ्यांना देऊ.

हे पलंगावर बसले होते. त्यांनी तिला दारातच थांबवलं.

"पेढे नको," हे म्हणाले. "कुणी गेलं की पेढे वाटतात का?"

उलट बोलायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. आलं तसं राहिलं. कारण मला एकदम कळलं की आम्ही इतके दिवस हात गेला, हात गेला, हेच लोकांना पटवत फिरलो. हवालदाराला, कचेरीला, बोर्डाला. साक्षीदार आणले, दाखले आणले, भांडलो. सगळ्यांना पटलं, शिक्का पण बसला. आमच्या घरात मात्र त्या हाताचं कुणी काही केलंच नव्हतं. माणूस गेला तर लोक तुम्हाला काही दिवस काम लावत नाहीत, बसू देतात. हात गेला तर दुसऱ्या दिवसापासून दाखला.

मी दार लोटलं आणि यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. सायली पायाशी बसली. आधी हे रडले. हॉस्पिटलात ओरडले नव्हते ते सगळं तेव्हा आलं. मग आम्ही दोघी. बाहेरून शेजारणीने विचारलं, काय झालं गं? मी आतूनच म्हटलं, काही नाही, हात गेला यांचा. ती बिचारी गोंधळली असेल. पण ते वाक्य मी पहिल्यांदाच कुठला दाखला नको असताना बोलले होते.

तुमच्यावर ही वेळ न येवो. आलीच तर खरं सांगा, पहिल्याच दिवशी सांगा, आणि हक्काचं मागायला लाजू नका. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा दार लोटून रडून घ्या. आम्हाला त्याला वर्ष लागलं.